नंदेसरीत शेड घेतलीस, आता आत्याचं ऐक

बाळा, शेडचा ताबा मिळाला, नारळ फुटला, तुझ्या आईने सगळ्या दांडिया बाजारात पेढे वाटले. आता नंदेसरीत जो भेटेल तो तुला सल्ला देईल. निम्मे म्हणतील, कर आणि नियमांनी धंदा मारला, नाहीतर आम्ही दुप्पट माणसं कामाला ठेवली असती. उरलेले म्हणतील, नियम नसते तर मही नदीचं पाणी केव्हाच गेलं असतं, नोकऱ्यांचं काय घेऊन बसलात. तिथल्या कारखान्यांचे हिशेब लिहिता लिहिता माझे केस पांढरे झाले. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण नेमकं दुखतं कुठे ते दोघंही सांगत नाहीत. कराचा दर जास्त म्हणून माणसं कमी झालेली मी फारशी पाहिली नाहीत. पैसा अडकला, तारीख चुकली किंवा पाणी बिघडलं म्हणून गेटला कुलूप लागलेलं मात्र पाहिलंय. म्हणून हे कागदावर उतरवून देतेय. एका बैठकीत वाचू नकोस, आणि ‘आत्या, हे मला माहितीये’ असं तर मुळीच म्हणू नकोस.

१. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवान्यात, म्हणजे कन्सेंटमध्ये, रोज किती सांडपाणी सोडायची परवानगी आहे, तो आकडा ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लाव — नंदेसरीत कारखाना किती वाढेल आणि किती माणसं पोसेल, हे जमीन किंवा बँक नंतर ठरवतात, आधी तो आकडा ठरवतो.

२. बॅच संपल्यावर रिअ‍ॅक्टर धुतलास की शेवटच्या धुलाईचं पाणी टाकीत साठव आणि पुढच्या बॅचची पहिली धुलाई त्यानेच कर — वाचलेल्या प्रत्येक किलोलिटरमागे उद्याच्या उत्पादनाला तेवढी जागा मोकळी होते. आमच्यात म्हणायचे, पाणी वाचलं की पगार सुटतो.

३. सकाळी सांडपाण्याचा पीएच स्वतः बघ, चहाच्या आधी — शेठ बघतोय एवढं ऑपरेटरला कळलं तरी अर्धं काम होतं.

४. ईटीपीवरच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवरच्या, माणसाला प्लांटवरच्या माणसाएवढाच पगार दे, आणि त्याला तात्पुरता ठेवू नकोस — उत्पादन एक दिवस थांबलं तर एका दिवसाचं नुकसान होतं, ईटीपी बिघडलं तर बंदीची नोटीस येते आणि सगळी शिफ्ट घरी बसते.

५. वापरलेलं अ‍ॅसिड किंवा गाळ न्यायला कोणी बाजारभावापेक्षा फार स्वस्तात टँकर देऊ केला तर त्याला पाणी पाजून परत पाठव. जानेवारी २०२२ मध्ये सुरतजवळ सचिनला एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडलं गेलं आणि शेजारच्या गिरणीतले सहा कामगार वायूने गेले — मॅनिफेस्टशिवाय, म्हणजे कचरा कुठे गेला त्याच्या नोंदपत्राशिवाय, गेटबाहेर पडलेल्या थेंबाचा मालक तूच असतोस, तो कुठेही सांडो.

पाण्याचं एवढं का लावलंय, ते जरा सविस्तर सांगते. नंदेसरीची जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत, १९७० च्या आसपासची. आधी कोयलीची रिफायनरी आली, मग खतांचा कारखाना, मग पेट्रोकेमिकल्सची आयपीसीएल, आणि त्यांच्या आधाराने छोटे रसायनवाले इथे जमले. १९८३ मध्ये बडोद्याच्या या पट्ट्यातून जंबुसर तालुक्यातल्या सारोदपर्यंत पन्नासहून अधिक किलोमीटरचा कालवा सुरू झाला, प्रक्रिया केलेलं सांडपाणी खंभातच्या आखातापर्यंत नेणारा. सामायिक प्रक्रिया केंद्र उभं राहिलं, कारखानदारांनी वर्गण्या भरल्या आणि कुरकुरही केली. पण एक गोष्ट सरळ बघ. एकट्या छोट्या कारखान्याला समुद्रापर्यंत पाइप टाकणं जन्मात जमलं नसतं. नियम आला, त्यामुळे सगळ्यांना एकत्र यावं लागलं, आणि एकत्र आले म्हणून शेकडो छोटे कारखाने तगले. हा नियमाने दिलेला रोजगार आहे. तो कुणाच्या पगारपत्रकावर ‘नियमामुळे’ असा लिहिलेला नसतो, म्हणून मोजला जात नाही.

उलटी बाजूही बघ. जानेवारी २०१० मध्ये केंद्राने देशातल्या ४३ अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत नवा विस्तार थांबवला. त्यात अंकलेश्वर आणि वापी होतं, आपल्या महाराष्ट्रातलं चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूरही होतं. अंकलेश्वर-वापीला त्याचा फटका कित्येक वर्षं बसला. ज्याने स्वतःचं पाणी चोख ठेवलं होतं तोही शेजाऱ्याच्या पापापायी अडकला, त्यालाही नवी माणसं घेता आली नाहीत. हा नियमाचा दोष मी मान्य करते: सरसकट बंदी चांगल्या-वाईटात फरक करत नाही. पण बंदी आली ती पाणी आधीच बिघडलं होतं म्हणून, हेही विसरू नकोस. २०१८ च्या यादीत तारापूर पहिलं होतं ९३.६९ गुणांवर, आणि बडोद्याला ८९.०९. गुण जितके जास्त तितकी लाज जास्त, अशी ती यादी.

६. म्हणून शेजाऱ्याच्या नाल्याचीही चौकशी कर, आणि रात्री कोणी गुपचूप व्हॉल्व्ह उघडतोय असं दिसलं तर आधी त्याच्याशी बोल, मग असोसिएशनशी — पट्टा एकत्र बदनाम होतो, आणि बंदी आली की तुझ्याही फिटरला काम उरत नाही.

७. मंजूर पाण्याचा आकडा शेवटच्या थेंबापर्यंत वापरू नकोस, थोडी जागा राखून ठेव — मोठी ऑर्डर सांगून येत नाही. मार्च २०१९ मध्ये चीनच्या च्यांग्सू प्रांतात रसायनांच्या कारखान्यात भयंकर स्फोट झाला, अठ्ठ्याहत्तर माणसं गेली, तिथले कितीतरी कारखाने बंद झाले आणि रंगांच्या इंटरमीडिएट रसायनांची गिऱ्हाइकं गुजरातकडे वळली. ज्यांच्या कन्सेंटमध्ये जागा होती त्यांनी माणसं वाढवली, ज्यांच्याकडे नव्हती ते फोनवर ‘नाही जमणार’ म्हणत बसले. ढिले नियम ठेवून मिळवलेलं काम एका स्फोटात समुद्रापार जातं, हे त्या महिन्याने दाखवलं.

आता कर.

८. महिन्याच्या कॅलेंडरवर चार तारखा लाल कर: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी — दंड आणि व्याज हा कर नव्हे, तो आळसाचा भाव आहे, आणि त्यात एका हेल्परचा पगार सहज जातो. जो तारीख पाळी, त्याची शिफ्ट चाले तिन्ही पाळी.

९. गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी वेगळ्या खात्यात ठेव, त्याला हातही लावू नकोस — तो तुझा पैसा नाही, आणि खात्यात दिसला की मन नव्या बाइककडे वळतं, मला तुझा स्वभाव माहीत आहे.

१०. ज्याच्याकडून कच्चा माल घेतोस त्याने रिटर्न भरलं का, हे जीएसटीआर-२बी मध्ये बघ आणि मगच त्याचं पूर्ण पेमेंट कर — २०२२ पासून त्याने बिल दाखवलं नाही तर तुझं क्रेडिट येत नाही, म्हणजे एकाच मालावर तू दोनदा कर भरतोस.

११. पण त्याचे पैसे १८० दिवसांपलीकडेही लोंबकळत ठेवू नकोस — मग घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं, शिवाय त्याच्याकडेही कामगार आहेतच की.

१२. परदेशी माल पाठवणार असशील तर एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, दर वर्षी एप्रिल उजाडण्याआधी भर — ते नसेल तर आधी कर भरून मग परताव्याची वाट बघावी लागते, आणि त्या काळात पगार कशातून देणार?

१३. उद्यम नोंदणी आजच कर, तिचा नंबर प्रत्येक बिलावर छाप — २००६ च्या कायद्याने छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, आणि १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या गिऱ्हाइकाने उशीर केला तर त्या वर्षी त्याला तो खर्च आयकरात धरता येत नाही.

हा तेरावा मुद्दा नीट समजून घे, कारण रोजगारावर नियम कसा चालतो हे त्यात लख्ख दिसतं. हेतू सोन्यासारखा होता. पण नियम येताच काही खरेदीदारांनी छोट्यांना सांगितलं, नोंदणी परत करा नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देतो. काहींनी दिलीही. माझं म्हणणं, तू देऊ नकोस. जे गिऱ्हाईक तुझं हक्काचं पेमेंट टाळण्यासाठी तुला नोंदणी सोडायला लावतं, ते पुढेही तेच करणार. नंदेसरीत पगार थकतात ते बहुतेक वेळा कर भरला म्हणून थकत नाहीत, गिऱ्हाइकाने पाच-सहा महिने पैसे दिले नाहीत म्हणून थकतात. कराच्या दरावर भांडणाऱ्या सभा मी पुष्कळ ऐकल्या. उशिरा मिळणाऱ्या पैशावर कोणी टेबल बडवलेलं फारसं ऐकलं नाही.

आणि करात दर किती यापेक्षा तो कसा घेतात हेच मोठं आहे. तुझा पुण्याचा मामा जकातीच्या गोष्टी सांगतो ना, नाक्यावर रात्रभर उभ्या असलेल्या ट्रकच्या? गुजरातने महापालिकांची जकात २००७ मध्ये काढली. महाराष्ट्राने तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आणला, २०१३ मध्ये पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, २०१५ मध्ये बहुतेकांचा एलबीटी गेला आणि मुंबईची जकात थेट जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली. नाक्यावरचा तो एक-दोन दिवसांचा खोळंबा कुठल्या अर्थसंकल्पात दिसत नसे, पण माल अडकला की पुढचा प्लांट रिकामा बसे. असा कर रोजगार मारतो, आणि तो गेला ते फार बरं झालं.

१४. भागीदारी ठेवायची की प्रायव्हेट लिमिटेड करायची, हे सीएला पहिल्याच वर्षी विचार — सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला, भागीदारी संस्था मात्र ३० वरच राहिली.

१५. पण कर वाचला म्हणून माणूस घेऊ नकोस, काम आहे म्हणून घे — त्या सवलतीने सरकारचे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी जातील असा अंदाज अर्थमंत्र्यांनीच सांगितला होता, आणि तरी ज्यांच्याकडे ऑर्डरच नव्हती त्यांनी वाचलेल्या पैशातून कर्ज फेडलं. नफ्यावरचा कर नफा झाल्यावर लागतो. माणूस लागतो तो त्याच्या आधी.

१६. नव्या माणसाच्या पगारावर आयकरात तीन वर्षं ३० टक्के जादा वजावट मिळू शकते, ती विसरू नकोस — पगार महिना २५ हजारांच्या आत हवा, बँकेतून दिलेला हवा, पीएफ हवा, वर्षात २४० दिवस काम हवं. रोखीने पगार देणाऱ्याला ती मिळत नाही, आणि मिळूही नये.

१७. दहावा माणूस घ्यायला घाबरू नकोस. छोटे कारखानदार नऊवर थांबतात कारण दहाला ईएसआय येतो, एकोणिसावर थांबतात कारण विसाला पीएफ येतो — पण नऊ माणसांकडून चौदा माणसांचं काम करून घेतलं की अपघात होतो, आणि तेव्हा ईएसआयचं कार्डच नसतं.

इथे कायदा करणाऱ्यांची चूक आहे, आणि ती मी लपवणार नाही. एका माणसाच्या फरकाने एकदम सगळं ओझं येतं, जिन्यात मधली पायरीच नसावी तसं. एक्साइजच्या काळात दीड कोटीची सूट होती, तेव्हा किती घरांत एक कारखाना भावाच्या नावावर, दुसरा वहिनींच्या नावावर! एकाच आवारात दोन पाट्या, दोन मीटर, दोन वह्या. कोणीच मोठा झाला नाही, कारण मोठं होण्याचा दंड होता. जीएसटीने ते बरंचसं सुटलं. कामगार कायद्यांतल्या पायऱ्या अजून उंच आहेत. तुला एवढंच सांगते, पायरी चढायचीच आहे तर एकदम चढ: नऊवरून दहावर नको, तेरा-चौदावर जा, म्हणजे त्या कागदपत्रांचा खर्च प्रत्येक डोक्यामागे कमी पडतो.

१८. पगारातून कापलेला पीएफ त्याच महिन्यात भर, एक दिवससुद्धा उशीर नको — तो कामगाराचा पैसा तुझ्या हातात विश्वासाने थांबलाय. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा उशिरा भरलेला वाटा मालकाला खर्चात धरता येणार नाही असं सांगितलं, आणि मला तो निकाल मनापासून पटला.

१९. रिअ‍ॅक्टरवर कंत्राटदाराचा माणूस उभा करू नकोस, पॅकिंगला हवा तर कर — दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाला कोणता व्हॉल्व्ह हट्टी आहे ते कळत नाही.

२०. प्रत्येकाला नेमणूकपत्र दे, हेल्परलाही — नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांत ते सक्तीचं आहे, आणि कागद हातात असलेला माणूस दुसऱ्या शेडच्या पाचशे रुपयांसाठी उठून जात नाही. राज्याचे नियम कोणते निघाले ते मात्र सल्लागाराकडून बघून घे.

२१. कपातीच्या परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० झाली म्हणून कोणी तुझ्यापुढे नाचला तर शांतपणे ऐक आणि कामाला लाग — तुझ्याकडे अजून वीस माणसं नाहीत.

कामगार कायद्यांच्या या विषयावर विद्वानांचीही फार मारामारी झालीय. २००४ मध्ये लंडनच्या टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी दाखवलं की ज्या राज्यांनी औद्योगिक विवाद कायदा कामगारांच्या बाजूने वाकवला तिथे नोंदणीकृत कारखानदारी आणि तिथला रोजगार मागे पडला. त्यांनी गुजरातलाही कामगारधार्जिण्या राज्यांत बसवलं. दोन वर्षांनी दिल्लीच्या आदित्य भट्टाचार्यांनी त्यावर बोट ठेवलं: गुजरातची ती गणना एका किरकोळ दुरुस्तीवरून झाली होती. नंदेसरी, अंकलेश्वर, वापी वाढत गेलं ते याच गुजरातमध्ये. मी काही अर्थशास्त्र शिकलेली नाही, पण कायद्याच्या पुस्तकातली ओळ मोजून कारखान्यातली माणसं मोजता येत नाहीत, हे मला हजेरीपटावरून पटलंय.

२२. महिन्यातून एकदा गळतीचा सराव घे, आणि सांकरदा, अनगढ, नंदेसरी गावातल्या माणसांनाही सांगून घे — २ जून २०२२ च्या संध्याकाळी इथे मोठी आग लागली तेव्हा आसपासच्या वस्तीला घर सोडून निघावं लागलं, आणि घाबरलेलं गाव पुढे कोणत्याच विस्ताराला हो म्हणत नाही. डोंबिवलीत २०१६ आणि २०२४ असे दोन स्फोट झाले, आणि धोकादायक कारखानेच तिथून हलवायची भाषा सुरू झाली. मग तिथल्या कामगाराने कुठे जायचं?

२३. माणूस घेताना आधी त्याच गावांत विचार — ज्याचं घर वाऱ्याच्या दिशेला आहे, तो झाकण घट्ट लावतो.

२४. व्यवसाय कराचे महिन्याचे २०० रुपये कापताना तोंड वाकडं करू नकोस, आणि कामगाराने विचारलं की हे कशाला, तर त्याला पुढची गोष्ट सांग — माणसाला पैसा कुठे जातो हे कळलं की तो कमी बोचतो.

गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याची कल्पना आधीच तासगाव तालुक्यात करून पाहिली होती. ती राज्यभर नेली तर पैसा कुठून आणायचा? म्हणून १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला: शहरात पगार घेणाऱ्याच्या खिशातून थोडं काढायचं, तेवढीच भर सरकारने घालायची आणि गावात काम मागणाऱ्याला मजुरी द्यायची. १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून रोजगार हमीला कायद्याचा आधार मिळाला. पुढे २००५ मध्ये देशाने तीच वाट धरली. कर रोजगार मारतो असं जो सरसकट म्हणतो, त्याला हे सांग. पाझर तलाव, रस्ते आणि कितीतरी घरांतली चूल एका कराने पेटली.

आपलं बडोदंही तसंच घडलं. सयाजीरावांनी राज्याच्या तिजोरीतून १८९० मध्ये कलाभवन काढलं, तिथे रसायनं आणि रंगकाम शिकवलं. त्याच कलाभवनचे त्रिभुवनदास गज्जर, त्यांच्याबरोबर कोटीभास्कर आणि अमीन, यांनी १९०७ मध्ये अलेम्बिकचा पाया घातला. आजही नंदेसरीतल्या निम्म्या केमिस्टांचे शिक्षक त्या परंपरेतले. तेव्हाच्या महसुलाने शिकलेला माणूस तयार केला, आणि शिकलेल्या माणसाने कारखाना उभा केला. सवलतींच्या पाठी लागण्यापेक्षा सरकारकडे चांगली आयटीआय माग, असं मी तुझ्या असोसिएशनला कितीदा सांगितलं असतं, पण मला तिथे कोण बोलावतंय! तू जाशील तेव्हा बोल.

२५. तपासणीला कोणी आलं तर खुर्ची दे, पाणी दे, फाइल दे, लिफाफा देऊ नकोस — एकदा दिलास की पुढच्या वेळी तुझ्या चुका शोधायला येतील, सुधारायला नव्हे. आणि बहुतेक माणसं सरळ असतात, त्यांना संधी दे.

२६. एखादा नियम खरंच वेडावाकडा असेल तर चहाच्या टपरीवर शिव्या देऊ नकोस. तुझ्या कारखान्यात त्याने किती दिवस, किती रुपये आणि किती माणसं अडकली ते एका पानावर लिहून असोसिएशनला दे — आकडा दिला की अधिकाऱ्यालाही वरती बोलायला तोंड मिळतं.

२७. रविवारी जेवायला येशील तेव्हा कन्सेंटची प्रत, मागच्या महिन्याची चलनं आणि हजेरीचं रजिस्टर घेऊन ये, आणि कन्सेंटच्या शेवटच्या पानावर मुदत कधी संपते ते आधी बघून ये — नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या बराच आधी टाकायचा असतो, आणि तुझ्याआधी ती शेड ज्याच्याकडे होती त्याने तो टाकलाय की नाही, हे मला बघायचंय.